उशाकडची बाजू

पन्नास डिग्रीत गोधडी कशाला, असं विचारतात मला
मनामात नव्याने आलेल्या बायका.
त्या अजून सलमाबादच्या कॅम्पात गेलेल्या नाहीत.
एका खोलीत बारा जण, खिडकीतला एसी म्हातारा,
त्याचं बटण अठरावर अडकलेलं.
रात्रपाळीहून आलेल्या माणसाच्या ओल्या पाठीला
तो वारा असा झोंबतो
की दात वाजतात.

म्हणून शिवते.
लुगडी इथे कुठून आणू?
बॉयलर सूट फाडते, निळे, नारिंगी,
गुडघ्यांवर ग्रीसचे नकाशे.
जयवंत ड्रायडॉकवरून पोतं भरून आणतात,
तीनदा उकळत्या पाण्यातून काढते,
तरी आमच्या मोरीला जहाजाचा वास.
कापड असं की सुई मोडते, अंगठा नाही.
चमकत्या पट्ट्या उसवत नाही मी.
खिसेही तसेच ठेवते;
माणसाला एक खिसा असावा झोपेतसुद्धा.

आई जतची. शेवटचा धावदोरा घालण्याआधी
ती गोधडीच्या पोटात भाकरीचा चतकोर ठेवायची.
उपाशी गोधडी ऊब देत नाही, म्हणायची.
मी खुबूसचा तुकडा ठेवते.
पाळक म्हणाले, सगुणाबाई, शास्त्रात असं कुठे नाही.
म्हटलं, पाच भाकरी आहेत की.
ते हसले, पण त्या शुक्रवारी
उपदेश जरा लवकर आटोपला.

मणी मात्र माझी चैन.
बाब अल बहरीनच्या मागच्या गल्लीत अबू खलील,
त्याचा आजा नाकाला चिमटा, पायाला दगड बांधून
समुद्रात मोत्यांसाठी उतरायचा.
नातू चिनी प्लास्टिक तोलतो ग्रॅमवर
आणि तरी दर वेळी एक मणी चिमटीत धरून
उजेडाकडे वळवून बघतो.
घाई असली तरी मी थांबते तेवढं.

त्या मण्यांचे मी देवदूत करते नाताळच्या बाजारासाठी.
जरा ठुसके होतात, पंखांपेक्षा पोट मोठं.
विकले जातात. पैसे पाकिटात:
कुणाचा व्हिसाचा दंड, कुणाचं तिकीट,
गेल्या मार्चमध्ये एक शवपेटी.
प्रार्थनेला डोळे मिटले की मला टाकेच दिसतात.
मोजत राहते. आमेन सगळ्यांच्या मागून म्हणते.

गोधडीच्या एका कोपऱ्यात एक मणी, नेहमी.
देताना सांगते: अंधारात बोटांनी चाचपायचा,
ही उशाकडची बाजू,
पायाकडची तोंडावर घेऊ नये.
बस, एवढंच सांगते. त्याच्यापुढे माझं काही म्हणणं नसतं.

भद्रय्या करीमनगरचा. तीन वर्षांनी आला
गोधडी काखेत, कडा उसवलेली.
अम्मा, जरा टाका.
घरी आणून पसरली तर
खिसा शिवून टाकलेला त्याने, काळ्या दोऱ्याने,
वेडेवाकडे टाके, पुरुषी.
आत कागद लागला हाताला,
आणि कागदात काहीतरी बारीक, टणक.
दात? बी? बटण?
जयवंत म्हणाले, उघडून बघ.
मी म्हटलं, तुमचं पत्र कधी उघडलं का मी?
(उघडलं होतं. एकदा. त्यांना माहीत नाही.)

खिसा सोडून सगळीकडे नवी ठिगळं लावली.
मग कोपऱ्याकडे आले.
मणी निळा दिला होता मी, आठवतं मला,
आता रंगच नव्हता त्याला,
काचेगत पातळ, एका बाजूने चपटा,
अंगठा बरोबर बसेल असा.
कुणाचं नाव घेत असेल तो, कुणास ठाऊक,
की नुसता
झोप येत नाही म्हणून घासत असेल.

डबीतून नवा काढला होता. ठसठशीत, निळा.
खिडकीच्या उजेडात धरला जुना,
अबू खलीलसारखा,
आणि नवा परत डबीत टाकला.

दोरा तेवढा बदलला.